ऑर्किड डॉटीबॅक : हद्द राखणाऱ्या जांभळ्या माशासाठी सागरी टाकीची तयारी

तांबड्या समुद्रातील प्रवाळभित्तींच्या उभ्या कड्यांवर, पुढे झुकलेल्या खडकांच्या आडोशाला, बोटाएवढा एक गडद जांभळा मासा राहतो. नाकापासून डोळ्यावरून तिरपी जाणारी एक काळी रेघ सोडली, तर त्याचे सारे अंग एकाच रंगाचे असते. त्याचे शास्त्रीय नाव स्यूडोक्रोमिस फ्रिडमानी असे आहे आणि खाऱ्या पाण्यातील मासे पाळणारे त्याला ऑर्किड डॉटीबॅक या नावाने ओळखतात. जर्मन मत्स्यतज्ज्ञ वोल्फगांग क्लाउसेविट्झ यांनी १९६८ साली या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. तो निसर्गतः तांबड्या समुद्राच्याच परिसरात आढळतो आणि पूर्ण वाढल्यावरही त्याची लांबी सहा-साडेसहा सेंटिमीटरपेक्षा जास्त भरत नाही. काटक प्रकृती, चटकन खाण्याला लागण्याची वृत्ती आणि नजर खिळवणारा रंग या तिन्ही गोष्टी एकत्र असल्यामुळे खाऱ्या पाण्याची टाकी प्रथमच मांडणाऱ्याने विचारात घ्यावा असा हा मासा आहे.

मात्र तो लहान आहे म्हणून निरुपद्रवी आहे असे समजू नये. डॉटीबॅक कुळातील मासे एखादी कपार निवडतात, तिच्याभोवतीचा काही भाग आपला मानतात आणि त्या भागात शिरणाऱ्याला हुसकावून लावतात. प्रवाळभित्तीवर हे भांडण क्षणात मिटते, कारण हरलेला मासा दूर निघून जातो. काचेच्या चार भिंतींत त्याला दूर जायला जागाच नसते, त्यामुळे तोच पाठलाग दिवसभर चालू राहतो आणि पळणारा मासा उपासमारीने, जखमांनी किंवा सततच्या धास्तीने मरतो. म्हणूनच टाकीचा आकार, खडकांची रचना, सोबत्यांची निवड आणि कोणाला आधी सोडायचे हा क्रम या सगळ्यांचे निर्णय हद्दीचा विचार करून, आणि मासा आणण्यापूर्वीच घ्यावे लागतात. मासा एकदा टाकीत स्थिरावला की यांतील बहुतेक गोष्टी बदलणे फार अवघड होऊन बसते.

योग्य जात ओळखणे

डॉटीबॅक कुळात शंभराहून अधिक जाती आहेत आणि त्यांच्या स्वभावात मोठा फरक आहे. ऑर्किड डॉटीबॅक त्यांतल्या त्यात सौम्य मानला जातो. पश्चिम प्रशांत महासागरातील पिक्टिक्रोमिस पॉर्फिरिया हा जांभळा डॉटीबॅक वरवर पाहता त्याच्यासारखाच दिसतो, पण तो बराच अधिक आक्रमक असतो आणि छोट्या टाकीत एकटाच उरेपर्यंत इतरांचा पिच्छा पुरवू शकतो. या दोघांतला फरक ओळखण्याची सोपी खूण म्हणजे डोळ्यावरची काळी रेघ होय. ती ऑर्किड डॉटीबॅकला असते आणि दुसऱ्याला नसते. विक्रेत्याने दिलेल्या नावावर विसंबून न राहता ही रेघ स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यावी.

अशीच गफलत आणखी एका जोडीत होते. अर्धे अंग जांभळे आणि अर्धे पिवळे असलेला रॉयल ग्रामा हा कॅरिबियन समुद्रातला, तुलनेने शांत मासा आहे. पिक्टिक्रोमिस पॅकानेली या डॉटीबॅकचे अंगही अर्धे जांभळे आणि अर्धे पिवळे असते, पण स्वभाव अगदी उलट असतो. रॉयल ग्रामाच्या अंगावर जांभळा रंग ठिपक्याठिपक्यांनी पिवळ्यात विरघळत जातो आणि पाठीच्या परावर पुढच्या बाजूला एक काळा ठिपका असतो, तर डॉटीबॅकच्या अंगावर दोन्ही रंग एका सरळ रेषेवर एकदम बदलतात. शांत टाकीसाठी रॉयल ग्रामा आणायला गेलेल्या माणसाच्या हाती हा दुसरा मासा पडला, तर टाकीचे सगळे नियोजनच कोसळते.

जातीइतकाच महत्त्वाचा प्रश्न मासा कुठून आला हा आहे. ऑर्किड डॉटीबॅकची टाकीत यशस्वी पैदास होते, त्यामुळे समुद्रातून पकडलेला मासा घेण्याचे कारण उरत नाही. टाकीतच जन्मलेला मासा तयार दाणे खायला शिकलेला असतो, पकडताना आणि दूरच्या वाहतुकीत बसणारे धक्के त्याने सोसलेले नसतात आणि पुष्कळ पालकांच्या अनुभवानुसार तो समुद्रातल्या भावंडांपेक्षा कमी भांडखोरही असतो. माझ्या मते या जातीच्या बाबतीत पैदास केलेलाच मासा घ्यावा आणि तो मिळत नसेल तर थोडे थांबावे.

टाकी आणि खडकांची रचना

एका ऑर्किड डॉटीबॅकसाठी आणि त्याच्या दोन-तीन सोबत्यांसाठी साधारण १२० लिटरची टाकी हा सुरक्षित आरंभ आहे. तो एकटाच राहणार असेल तर त्याहून लहान टाकीतही त्याचे भागते, पण लहान टाकीत पाण्याचे गुणधर्म फार झपाट्याने बदलतात आणि नवशिक्याला चूक सावरायला वेळ मिळत नाही. टाकी निवडताना उंचीपेक्षा लांबीला प्राधान्य द्यावे. माशांच्या हद्दी तळावर आणि खडकांवर आखल्या जातात, त्यामुळे ९० सेंटिमीटर लांबीच्या टाकीत दोन कपारी एकमेकींपासून जितक्या दूर ठेवता येतात तितक्या तेवढ्याच पाण्याच्या उंच, चौकोनी टाकीत ठेवता येत नाहीत.

या माशाच्या टाकीत सर्वांत जास्त विचार ज्या गोष्टीला द्यायला हवा ती म्हणजे खडकांची मांडणी. पुष्कळजण मधोमध एकच मोठा ढीग रचतात. तो दिसतो छान, पण डॉटीबॅक त्या संपूर्ण ढिगालाच आपली हद्द समजतो आणि इतर कोणत्याही माशाला तिथे थारा मिळत नाही. त्याऐवजी दोन किंवा तीन वेगवेगळ्या राशी रचाव्यात, त्यांच्यामध्ये उघड्या वाळूचा पट्टा सोडावा आणि एका राशीतील कपारीतून दुसऱ्या राशीची कपार थेट दिसणार नाही अशा बेताने त्या वळवाव्यात. समोरचा मासा नजरेआड झाला की डॉटीबॅकचा पाठलाग बहुधा तिथेच थांबतो. त्यामुळे नजर अडवणारा प्रत्येक दगड शांतता राखण्याच्या कामी येतो.

कपारींची संख्या माशांच्या संख्येपेक्षा बरीच अधिक असावी. चार मासे असतील तर किमान आठ-दहा बिळे, भेगा आणि बोगदे तयार व्हावेत आणि त्यांतल्या काहींना दोन्ही बाजूंनी वाट असावी, म्हणजे पाठलाग सहन करणारा मासा आत अडकून पडणार नाही. काही बिळे इतकी अरुंद ठेवावीत की त्यांत केवळ बारीक अंगाचाच मासा शिरू शकेल. ऑर्किड डॉटीबॅकला स्वतःला छत असलेली, अंधारी आणि थोडी उंचावरची कपार आवडते. म्हणून पुढे झुकलेला एखादा सपाट दगड वरच्या बाजूला बसवल्यास तो बहुतेक वेळा त्याखालीच मुक्काम करतो आणि तळाची जागा इतरांना मोकळी राहते.

दगड वाळूवर न ठेवता टाकीच्या तळावर थेट टेकवावेत आणि वाळू नंतर भोवताली पसरावी. वाळू उकरणारे मासे किंवा गोगलगायी दगडांचा आधार काढून घेतात आणि तेव्हा कोसळलेला एक दगड मासा चिरडू शकतो किंवा काचही फोडू शकतो. वरचे दगड सागरी टाकीसाठी सुरक्षित असलेल्या इपॉक्सीने किंवा सिमेंटने जोडावेत. पण सगळी रास एकसंध करून टाकू नये. वरचे दोन-तीन दगड सुटे राहिले तर पुढे मांडणी बदलण्याची सोय राहते आणि त्या सोयीची गरज का पडते हे पुढे येईलच.

डॉटीबॅक उड्या मारतात. घाबरलेला मासा वायरसाठी ठेवलेल्या फटीतूनही बाहेर पडू शकतो, म्हणून सुमारे सहा मिलिमीटर घराची पारदर्शक जाळी चौकटीवर ताणून टाकीचे तोंड पूर्ण झाकावे. काचेच्या झाकणापेक्षा जाळी बरी, कारण तिच्यातून हवेची देवाणघेवाण सुरू राहते.

उपकरणांच्या बाबतीत फार खोलात जाण्याची आवश्यकता नाही. थर्मोस्टॅट असलेला हीटर, स्वतंत्र तापमापक, पाणी सर्वत्र फिरते ठेवणारे एक किंवा दोन पॉवरहेड आणि शक्य असल्यास पाण्यातील सेंद्रिय मळ फेसातून काढणारा प्रोटीन स्किमर एवढ्यावर काम चालते. केवळ हा मासा ठेवायचा असेल तर प्रखर दिव्यांची गरज नसते. प्रवाळ ठेवायचे असल्यास दिवे प्रवाळांच्या गरजेनुसार निवडावेत, माशाला त्याचा त्रास होत नाही. वीज गेल्यास पाण्याचा प्रवाह थांबतो आणि पाण्यातला प्राणवायू झपाट्याने घटतो, त्यामुळे बॅटरीवर चालणारा एक हवेचा पंप पहिल्या दिवसापासून जवळ असावा.

पाणी तयार करणे आणि टाकी मुरू देणे

नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन, फॉस्फेट, सिलिकेट आणि कधी कधी तांबेही असते. म्हणून मीठ मिसळण्यासाठी आरओ (बारीक पडद्यातून गाळणारी) आणि त्यापुढे डीआय (उरलेले आयन काढणारी) गाळणी लावून शुद्ध केलेले, टीडीएस (विरघळलेल्या घटकांचे प्रमाण) शून्य दाखवणारे पाणी वापरावे. साधे खाण्याचे मीठ इथे उपयोगाचे नाही. समुद्राच्या पाण्यातील मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि इतर घटक योग्य प्रमाणात असलेले, सागरी टाकीसाठीच बनवलेले मीठच लागते. ब्रँडनुसार एका लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम मीठ लागते. मीठ नेहमी पाण्यात टाकावे, मिठावर पाणी ओतू नये, कारण तसे केल्यास काही घटक साका होऊन तळाशी बसतात. मिश्रण वेगळ्या बादलीत पंपाने ढवळत ठेवून ते स्वच्छ आणि टाकीच्या तापमानाचे झाल्यावरच वापरावे.

क्षारतेचे लक्ष्य ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), म्हणजे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६, असे ठेवावे. तांबड्या समुद्राच्या उत्तर भागात क्षारता ४० पीपीटीच्या घरात असते. परंतु पैदास केलेले मासे सामान्य समुद्राच्या क्षारतेतच वाढलेले असल्यामुळे टाकी अधिक खारी करण्याची गरज नाही. मापनासाठी रिफ्रॅक्टोमीटर वापरावा आणि तो ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणाने वेळोवेळी जुळवून घ्यावा. शुद्ध पाण्याने शून्यावर जुळवलेला रिफ्रॅक्टोमीटर समुद्राच्या क्षारतेपाशी चुकीचा आकडा दाखवू शकतो. तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस, पीएच ८.१ ते ८.४ आणि अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची क्षमता; डीकेएच हे तिचे एकक) ८ ते ११ डीकेएच या मर्यादांत असावी. यांपैकी कोणता आकडा नेमका किती आहे यापेक्षा तो दिवसागणिक स्थिर राहतो की नाही याकडे अधिक लक्ष द्यावे.

यानंतरचा टप्पा नवशिक्यांच्या संयमाची परीक्षा पाहणारा असतो. माशांच्या उत्सर्गातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या प्रकारचे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. हे जीवाणू खडकांवर आणि वाळूत पुरेशा संख्येने वाढेपर्यंत टाकी माशासाठी तयार नसते. टाकीचे हे मुरणे पाळणाऱ्यांच्या बोलण्यात सायकल पूर्ण होणे म्हणून येते. कोरड्या दगडांपासून सुरुवात केली असल्यास बाटलीबंद जीवाणू घालून अमोनियम क्लोराइडच्या साहाय्याने अमोनियाची पातळी २ पीपीएमपर्यंत (दशलक्षात दोन भाग) न्यावी आणि रोज चाचणी करावी. घातलेला २ पीपीएम अमोनिया चोवीस तासांत पूर्ण नाहीसा होऊ लागला आणि नायट्राइटही शून्यावर आले, की टाकी तयार झाली असे समजावे. याला सर्वसाधारणपणे तीन ते सहा आठवडे लागतात. टाकी मुरवण्यासाठी जिवंत मासा सोडण्याची जुनी पद्धत अजूनही कुठे कुठे सुचवली जाते. हा मासा काटक आहे म्हणून त्याच्या बाबतीत तर हा सल्ला हमखास मिळतो. अमोनियाने माशाचे कल्ले भाजून निघतात आणि समुद्री पाण्याच्या चढ्या पीएचमुळे अमोनियाचा अधिक विषारी अंश वाढतो, हे लक्षात घेता ती पद्धत सोडून द्यावी. डॉटीबॅकच्या बाबतीत तिला आणखी एक आक्षेप आहे. टाकीत पहिला आलेला डॉटीबॅक सगळी टाकीच आपली समजू लागतो.

मोठे पाणीबदल करून नायट्रेट २० पीपीएमच्या खाली आणावे आणि मगच माशांचा विचार करावा.

मासा निवडणे आणि वेगळा ठेवणे

निरोगी डॉटीबॅक सतत सावध असतो. माणूस काचेजवळ आला की तो आत शिरतो आणि लगेच डोके बाहेर काढून पाहतो. त्याचे पोट आत गेलेले नसावे, श्वास जलद नसावा, डोळे स्वच्छ असावेत आणि पर फाटलेले नसावेत. विक्रेत्याला त्याला आपल्यासमोर खायला घालण्याची विनंती करावी आणि खाल्ले नाही तर मासा घेऊ नये. ज्या टाकीतून मासा घ्यायचा तिच्यातील इतर माशांवर पांढरे ठिपके दिसत असतील, तर आपला मासा कितीही छान दिसला तरी तो घेऊ नये.

नवा मासा थेट मुख्य टाकीत न सोडता किमान चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. त्यासाठी ४० लिटरची साधी टाकी, आधीपासून मुरवलेला स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे दोन-तीन तुकडे पुरतात. वाळू आणि दगड तिथे ठेवू नयेत. सागरी पांढऱ्या ठिपक्यांचा रोग घडवणारा क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हा परजीवी काही दिवस माशाच्या त्वचेत राहून गळून पडतो, तळाशी कोष बनवतो आणि त्या कोषातून पुढे शेकडो नवे परजीवी बाहेर पडून मासा शोधतात. काही कोष उघडायला कित्येक आठवडे लागतात. त्यामुळे रोग मुख्य टाकीत शिरला तर सगळे मासे बाहेर काढून टाकी माशांविना ठेवण्यावाचून दुसरा खात्रीचा उपाय नसतो आणि त्यासाठी ७६ दिवसांची मुदत पाळण्याची पद्धत रूढ आहे. तांब्याचे औषध या परजीवीवर चालते, पण ते झिंगे, गोगलगायी आणि प्रवाळ यांना मारते आणि दगडांत व वाळूत मुरून राहते. म्हणून ते केवळ वेगळ्या टाकीतच, चाचणी संचाने पातळी मोजत वापरावे. चार आठवड्यांचा हा वेळ फुकट जात नाही. याच काळात मासा आपण देऊ ते दाणे खायला शिकतो.

पिशवीतून मासा काढण्याच्या पद्धतीबाबत एक खबरदारी सांगणे आवश्यक आहे. लांबच्या प्रवासात पिशवीतले पाणी अमोनियाने भरलेले असते, पण माशाच्या श्वासातून साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच खाली गेलेला असतो आणि त्यामुळे तो अमोनिया तुलनेने कमी घातक स्थितीत राहतो. पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी बनतो. अशा पाण्यात थेंब-थेंब पाणी मिसळत मासा तासभर ठेवणे म्हणजे त्याला विषात बसवणे होय. त्याऐवजी पिशवी बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटे टाकीच्या पाण्यावर तरंगू द्यावी, म्हणजे तापमान जुळेल. विक्रेत्याकडून त्याच्या पाण्याची क्षारता आधीच विचारून वेगळी टाकी त्याच क्षारतेवर तयार ठेवलेली असली, की पिशवी उघडून मासा लगेच हलक्या हाताने टाकीत घेता येतो आणि पिशवीतले पाणी टाकून देता येते. क्षारता पुढच्या काही दिवसांत हळूहळू मुख्य टाकीच्या पातळीला आणावी. जवळून, अर्ध्या तासात आणलेल्या माशाला ही घाई लागू होत नाही.

सोबती आणि त्यांना सोडण्याचा क्रम

डॉटीबॅक कोणावर धावून जाईल याचा बऱ्यापैकी अचूक अंदाज आधीच बांधता येतो. सर्वांत आधी तो आपल्याच जातीच्या माशाशी भांडतो, त्यानंतर आपल्या कुळातल्या इतर माशांशी, मग आकाराने, रंगाने किंवा सवयींनी आपल्यासारख्या असलेल्यांशी आणि शेवटी आपल्यापेक्षा लहान व भित्र्या माशांशी. या क्रमानुसार रॉयल ग्रामा त्याच्यासोबत ठेवू नये, कारण तोही कपारीत राहणारा, तसाच लांबट आणि जांभळा असतो. फायरफिशसारखे भित्रे मासे पाठलाग होताच बिळात दडतात, खायला बाहेर येत नाहीत किंवा टाकीबाहेर उडी घेतात. अगदी छोट्या गोबींनाही त्रास होण्याचा संभव असतो.

ऑसेलारिस क्लाउनफिशची जोडी त्याच्यासोबत चांगली राहते. ते स्वतः पुरेसे धीट असतात आणि पाण्याच्या वरच्या भागात एका ठरावीक जागी वावरतात. मोकळ्या पाण्यात पोहणारे फेअरी रॅस आणि फ्लॅशर रॅस हे मासे, कार्डिनलफिश आणि दणकट अंगाचे ब्लेनी यांच्याशीही त्याचे सहसा जुळते, मात्र रॅस माशांना टाकी अधिक मोठी लागते. लायनफिश किंवा ग्रुपर अशा मोठ्या तोंडाच्या माशांसोबत त्याला ठेवू नये, कारण तिथे तो स्वतःच भक्ष्य ठरतो. झिंग्यांपैकी मोठा क्लीनर श्रिंप बहुधा सुरक्षित असतो. नखाएवढे सेक्सी श्रिंप मात्र तो खाऊ शकतो आणि कवच नुकतेच टाकलेला मऊ अंगाचा कोणताही लहान झिंगा त्याच्या हल्ल्याला बळी पडू शकतो. प्रवाळांना तो स्पर्श करत नाही. उलट दगडांत वाढणारे लहान केसाळ किडे (ब्रिसलवर्म) तो टिपून खातो, हा त्याचा एक फायदाच आहे.

आता क्रमाविषयी. नियम असा की सर्वांत भित्रा मासा सर्वांत आधी आणि डॉटीबॅक सर्वांत शेवटी सोडायचा. आधी आलेल्या माशांनी आपापल्या जागा धरल्या असतील, ते निर्धास्तपणे खात-पीत असतील आणि प्रत्येक नव्या माशामध्ये दोन-तीन आठवड्यांचे अंतर राखलेले असेल, तर शेवटी आलेला डॉटीबॅक उरलेल्या कपारींतून एक निवडतो आणि तेवढ्यावर समाधान मानतो. तोच मासा पहिला आला, तर त्याची हद्द टाकीच्या दोन्ही टोकांना भिडते आणि नंतर येणारा प्रत्येकजण घुसखोर ठरतो. हा एकच नियम पाळला गेला तर या माशाविषयीच्या बहुतेक तक्रारी उद्भवतच नाहीत.

सोडण्याच्या दिवशी टाकीचे दिवे मंद करावेत किंवा बंद ठेवावेत आणि जुन्या माशांना आधी पोटभर खायला द्यावे. शक्य असल्यास डॉटीबॅकला दोन-तीन दिवस टाकीतच पारदर्शक, भोके असलेल्या पेटीत ठेवावे. सगळे एकमेकांना पाहतात, पण चावे घेता येत नाहीत, आणि कोण किती चिडते हे आपल्यालाही कळते. पेटीतून सोडल्यावर तो एक-दोन दिवस दिसेनासा झाला तर दगड हलवून त्याला शोधत बसू नये. त्याने जागा निवडण्यासाठी घेतलेला हा वेळ असतो आणि खाण्याच्या वासाने तो आपण होऊन बाहेर येतो.

खाणे

समुद्रात हा मासा प्रवाहासोबत येणारे सूक्ष्म कवचधारी जीव आणि लहान किडे खातो. टाकीत बारीक सागरी दाणे हे मूळ अन्न ठेवावे आणि त्याच्या जोडीला गोठवलेले मायसिस, कोपेपॉड किंवा पोषण भरलेले ब्राइन श्रिंप हे बारीक कवचधारी जीव आलटून-पालटून द्यावेत. नुसते ब्राइन श्रिंप पुरेसे पोषक नसते. निकृष्ट आणि एकसुरी खाण्यावर ठेवलेल्या डॉटीबॅकचा जांभळा रंग महिन्यामहिन्याने फिका पडत जातो, त्यामुळे रंग उतरू लागला की प्रथम आहार तपासावा. गोठवलेले अन्न टाकीच्या थोड्या पाण्यात वितळवून गाळून घ्यावे, म्हणजे जास्तीचे फॉस्फेट टाकीत जात नाही. दिवसातून दोन वेळा, दोन मिनिटांत संपेल एवढेच घालावे आणि ते टाकीच्या दोन टोकांना घालावे. एकाच ठिकाणी अन्न पडले की ती जागा ज्याच्या हद्दीत येते तो मासा इतरांना खाऊ देत नाही. भुकेला डॉटीबॅक अधिक भांडतो, हेही इथे लक्षात ठेवावे.

नित्याची देखभाल

पाण्याची वाफ होते तेव्हा मीठ मागे राहते, त्यामुळे रोज घटणारी पातळी खाऱ्या पाण्याने न भरता शुद्ध गोड्या पाण्याने भरावी. सुरुवातीला याच बाबतीत सर्वाधिक गोंधळ होतो आणि क्षारता नकळत चढत जाते. पहिल्या काही महिन्यांत दर आठवड्याला दहा ते पंधरा टक्के पाणी बदलावे. त्याच दिवशी क्षारता, नायट्रेट आणि अल्कलिनिटी मोजून वहीत लिहावी. अमोनियाची चाचणी नवा मासा आल्यावर आणि एखादा मासा दिसेनासा झाल्यावर अवश्य करावी. तापमान आणि माशांची हजेरी मात्र रोज पाहावी. डॉटीबॅक ठरलेल्या वेळी कपारीच्या तोंडाशी आला नाही, दगडांवर अंग घासू लागला किंवा त्याचे कल्ले जोरजोरात हलू लागले, तर त्याच दिवशी पाणी तपासावे आणि अंगावर ठिपके किंवा पिठासारखा बारीक थर दिसतो का ते पाहावे. असा थर हे सागरी मखमली रोगाचे लक्षण असू शकते आणि त्यात विलंब परवडत नाही.

भांडण सुरू झाल्यास

तोंड उघडून दाखवणे, पर फुलवणे आणि हातभर अंतर धावून परत कपारीत येणे हे डॉटीबॅकचे नेहमीचे वागणे आहे. त्यात हस्तक्षेप करू नये. दुसऱ्या माशाचे पर फाटू लागले, तो पृष्ठभागाजवळच्या कोपऱ्यात तरंगत राहू लागला किंवा त्याने खाणे सोडले, तर मात्र तत्काळ पावले उचलावीत. पहिला उपाय म्हणजे खडकांची मांडणी बदलणे. सुटे ठेवलेले दगड इकडचे तिकडे केले की ओळखीच्या खुणा पुसल्या जातात, जुनी हद्द मोडते आणि सगळ्यांना नव्याने जागा शोधावी लागते. तेवढ्याने भागले नाही तर पीडित माशाला बाहेर न काढता डॉटीबॅकलाच पकडून सात ते दहा दिवस पेटीत किंवा वेगळ्या टाकीत ठेवावे. तेवढ्या काळात इतर मासे सावरतात, जागा धरतात आणि परतलेला डॉटीबॅक नव्याने आलेल्या माशाच्या भूमिकेत येतो. त्याला पकडण्यासाठी जाळे घेऊन मागे लागण्यात अर्थ नाही. अन्न ठेवलेला पारदर्शक सापळा संध्याकाळी लावला तर तो बहुधा स्वतःहून आत जातो. दोन्ही उपाय फसल्यास त्याच्यासाठी स्वतंत्र टाकी किंवा दुसरा योग्य पालक शोधणे हाच मार्ग उरतो आणि ही तयारी मनात ठेवूनच मासा घ्यावा.

जोडी ठेवायची असल्यास

दोन पूर्ण वाढलेले अनोळखी ऑर्किड डॉटीबॅक एकत्र सोडणे धोक्याचे आहे. पैदास केंद्रातून जुळलेली जोडी मिळत असेल तर ती घ्यावी, अन्यथा आकारात थोडा फरक असलेले दोन अगदी लहान मासे एकाच वेळी, भरपूर कपारी असलेल्या मोठ्या टाकीत सोडावेत. मोठा मासा बहुधा नर बनतो आणि लहान मादी. सुरुवातीचे काही आठवडे त्यांच्यावर बारीक लक्ष ठेवावे आणि एकाच्या अंगावर जखमा दिसताच त्यांना वेगळे करावे.

जोडी जुळल्यावर मादी नराच्या कपारीत अंड्यांचा गोळा घालते आणि नर तो अंगाखाली घेऊन राखत बसतो. त्या दिवसांत तो खायलाही फारसा बाहेर येत नाही आणि एरवी ज्यांच्याकडे तो दुर्लक्ष करतो त्या माशांवरही धावून जातो. हे आजाराचे लक्षण नाही, म्हणून त्या राशीतले दगड हलवू नयेत आणि त्या बाजूची काच घासणेही पुढे ढकलावे. चार-पाच दिवसांत अंडी रात्रीच्या अंधारात फुटतात. पिल्ले वाढवायची असतील तर बाहेर पडलेले डिंभ (नुकतीच जन्मलेली पिल्ले) त्याच रात्री वेगळ्या टाकीत न्यावे लागतात आणि त्यांना पहिल्या दिवसापासून जिवंत रोटिफर (सूक्ष्म पाणजीव) पुरवावे लागतात, म्हणून रोटिफरची पैदास अंडी दिसण्याच्या आधीच सुरू केलेली असावी.